न फोडलेलं पाकीट
ड्रॉवर आवरताना अँटीव्हायरसच्या सीडीचं पाकीट हाती लागलं. गंगापूर रोडच्या दुकानात वडिलांनी तासभर चौकशी करून ते निवडलं होतं. ‘गुपचूप माहिती चोरणारे प्रोग्रॅमही यात पकडले जातात,’ असं मला कौतुकानं सांगितलं होतं. मी, घरातला कॉम्प्युटर इंजिनिअर, म्हणालो, ‘रविवारी कॉम्प्युटरमध्ये टाकून देतो.’ असे किती रविवार गेले. दसऱ्याला त्यांनी कॉम्प्युटरची पूजा केली, शेजारी हे पाकीट ठेवून त्यालाही हळदकुंकू वाहिलं. दिवाळीच्या आधी व्हायरसनं आईचे सगळे फोटो घालवले. आई तर आधीच गेली होती. वडील एवढंच म्हणाले, ‘असू दे, तुला वेळ नव्हता.’ आता तेही नाहीत. पाकिटावर कुंकू अजून आहे, सील शाबूत आहे, आणि आज रविवार आहे.