ओसरीवरचं व्याकरण

आज सकाळपासून धुवारी पडली आहे. शहरात तिला धुकं म्हणतात. समोरचा कडुनिंब दिसत नाही, पण तुरीचा फुलोरा गळणार एवढं दिसतं. दव सुकेपर्यंत कापूस वेचायला कोणी जात नाही, म्हणून शाल घेऊन ओसरीवर बसलो आहे आणि एकेक किस्सा आठवतो आहे. घरात हे किस्से कापसासारखे साठतात. भाव येईल म्हणून आधी एका कोपऱ्यात टाकायचा. मग अर्धी खोली भरते, मग खाटही बाहेर काढावी लागते. आणि शेवटी अंगाला खाज सुटते!

मी शाळेत गेलो नाही. अक्षरं जोडली ती देवळीच्या स्टँडवर, एसटीच्या पाट्या वाचून. वर्धा, सेलू, समुद्रपूर, याच्यापुढे माझं शिक्षण गेलं नाही. असा माणूस नातवंडांचं व्याकरण घ्यायला बसला तर किस्से होणारच ना!

झालं असं. मुलगा वर्ध्याला एका ऑफिसात क्लार्क, सून देवळीला टीचर. नात गौरी दुसरीत, नातू ओम पहिलीत. दोघांना वर्ध्याच्या एका मोठ्या शाळेत घालायचं ठरलं. तिथं पोरांना समोर बसवतात, बोलायला लावतात, व्याकरण विचारतात. पास झाले तर जूनपासून चौघंही वर्ध्याला खोली करून राहणार. मी इथंच. वावर आहे, म्हैस आहे.

सून म्हणाली, "मामाजी, आम्ही दोघं सकाळी लवकर निघतो. पोरांची शाळेची वेळ होईपर्यंत तुम्ही फक्त समोर बसा. तक्ते मी भिंतीला लावून ठेवलेत."

म्हणजे पोरं आपल्यापासून जावीत म्हणून आपणच त्यांचा अभ्यास घ्यायचा! घेतला. पोरांचं भलं होत असेल तर नाही कसं म्हणता?

* * *

पहिला धडा नामाचा. गौरीनं तक्ता वाचून दाखवला. मी माझ्या परीनं अर्थ काढला, "ज्याले हाक मारता येते, ते नाम."

सुनेनं चिठ्ठ्या करून ठेवल्या होत्या, सगळ्यांवर 'नाम' लिहिलेलं. त्या घरातल्या वस्तूंना डकवायच्या. गौरीनं कणकेची खळ केली. ओमनं एक चिठ्ठी माठाला लावली, एक खाटेला, एक माझ्या टोपीला. उरलेल्या घेऊन गोठ्यात गेला आणि म्हशीच्या दोन्ही शिंगांना, गव्हाणीला, खुंट्याला, जागा दिसेल तिथं डकवून आला. कणकेचा वास म्हशीला आयताच सापडला.

संध्याकाळी सुनेनं विचारलं, "मामाजी, नाम झालं का सगळं?"

मी म्हणालो, "झालं बाई. थोडंसं म्हशीनं खाल्लं."

* * *

मग आलं लिंग. माठ तो, खाट ती, घर ते. ओम म्हणाला, "काऊन?"

आता काऊनला मी काय सांगू? मला जे माहीत होतं ते सांगितलं, "हे पाह्य बेटा, गाय दूध देते, म्हणून ती. बैल दूध देत नाई, म्हणून तो."

ओमचे डोळे चमकले. "माठ?"

"दूध देते का?"

"नाई देत. तो माठ!"

बरोबर आलं! दिवा, तोही बरोबर. कुत्रा, बरोबर. मलाच वाटलं, अरे, एवढं सोपं असतं तर आपणही शिकलो असतो!

रविवारी सुनेनं तोंडी परीक्षा घेतली. मुलगाही बसला होता.

"ओम, घर?"

"तो घर."

"खुर्ची?"

"तो खुर्ची."

"अरे, काय चाललंय तुझं? बरं सांग, आई?"

ओमनं तिच्याकडे नीट पाहिलं, विचार केला आणि म्हणाला, "पयले ती होती. आता तो!"

सुनेनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हशीकडे पाहिलं.

* * *

दिवाळी झाली आणि सुनेनं नियम काढला. घरात शुद्ध बोलायचं. प्रत्येकाची एक काचेची बरणी. 'मले', 'तुले', 'काऊन' तोंडातून निघालं की म्हशीच्या पोत्यातली एक सरकी आपल्या बरणीत टाकायची.

माझी बरणी दुपारच्या आत भरली. ओम ओरडला, "आई, आबाजीले कणगी दे!" तेवढ्यात त्याचीही एक सरकी पडली.

एका संध्याकाळी चुलीवर, म्हणजे गॅसवर, दूध ठेवलेलं होतं. सून वह्या तपासत होती. एकदम तिनं नाक वर केलं आणि ओरडली, "अवं माय! दूध उतू चाल्लं ना वं गौरे, पाह्यत काय राह्यली!"

पोरं दुधाकडे नाही धावली, सरकीच्या पोत्याकडे धावली! एकानं बरणी आणली, एकीनं मूठभर सरकी. सून हसली, हसता हसता गॅस बंद केला, डोळे पुसले. मग आपल्या हातानं आपल्या बरणीत सरकी टाकत मला म्हणाली, "मामाजी, मी डी.एड.ला शहरात होते ना, तोंड उघडलं की पोरी हसायच्या. शेवटी शेवटी मी वर्गात बोलणंच सोडलं होतं. यांना कोणी हसू नये, एवढंच."

त्यावर मी काही बोललो असतो तरी सरकीच पडली असती.

* * *

म्हणून मी ठरवलं, पोरांसमोर तोंडच उघडायचं नाही. माझंच ऐकून बिघडतात ना, मग ऐकवायचंच कशाला? हाक मारली की मान हलवायची. पाणी पाहिजे तर तांब्या दाखवायचा.

सकाळचं तसं निभलं. दुपारी शाळा सुटल्यावर ओम गावभर सांगून आला, "आमच्या आबाजीले लकवा मारला!"

मग काय! अर्धा वॉर्ड ओसरीवर. कोणी तळपायाला तेल चोळतं, कोणी तोंडापुढं बोट नाचवून विचारतं, "किती दिसतेत?" कंपाउंडर बॅग घेऊन आला, त्यानं माझी जीभ बाहेर काढायला लावली आणि म्हणाला, "जीभ तर चांगली हाय! पण वर्ध्याले हलवा लागते." ओम खांबाला धरून रडायला लागला. दोघं जण मला खाटेसकट उचलायला लागले, तेव्हा माझ्यानं राहवलं नाही.

"अरे सोडा मले! मले काई नाई झालं!"

खाट परत खाली टेकली. आणि ओम डोळे पुसत उड्या मारायला लागला, "आबाजी बोलले! दोन सरक्या, दोन सरक्या!"

* * *

त्यानंतर काळ शिकवला. तो सुनेनं स्वतः घेतला, सुटीच्या दिवशी. मुलगा पेपर वाचत होता, मी सुपारी कातरत होतो.

सून म्हणाली, "गौरी, आबाजींवर वाक्यं कर. तिन्ही काळ."

गौरी उभी राहिली. हात मागे बांधले. "भूतकाळ. आबाजी वावरात गेले. वर्तमानकाळ. आबाजी ओसरीवर बसले आहेत. भविष्यकाळ. आबाजी आमच्यासंग वर्ध्याले राह्याले येतीन."

"अं हं. 'आमच्यासोबत वर्ध्याला राहायला येतील.' नीट म्हण."

"आबाजी आमच्यासोबत वर्ध्याला राहायला येतील."

"शाब्बास!" मुलगा पेपरमागून म्हणाला. "आता काहीच चूक नाही."

मी सुपारी कातरत राहिलो. खाणाऱ्याला पुरून उरेल एवढी कातरली.

* * *

परवा मुलाखत झाली. काल निकाल लागला. दोघंही पास! मुलानं देवळीहून पेढे आणले. वर्ध्याच्या शाळेतल्या मॅडम म्हणे सुनेला म्हणाल्या, "खेड्यातली वाटतच नाहीत हो मुलं!" सुनेनं ते घरात येऊन सांगितलं, मग अंगणात येऊन परत सांगितलं. किती दिवसांनी तिचा चेहरा असा मोकळा पाहिला मी. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. चांगलंच झालं की. वाईट काय झालं?

खोलीही पाहून आले म्हणे. दोन खोल्या आहेत, पोरांच्या अभ्यासाला टेबल बसतं. माझ्या खाटेचं कोणी बोललं नाही, मीही विचारलं नाही.

गौरी मुलाखतीचाच फ्रॉक घालून माझ्यापुढं आली, ताट पुढं केलं. "आजोबा, पेढा घ्या ना. अजून एक घ्या, भरपूर आहेत."

मी घेतला. आबाजीचा आजोबा कधी झाला, ते माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

कुडापलीकडं गिरजाबाई राहते. सुनेची नोकरी लागली तेव्हा गौरी रांगत होती, दिवसभर तिच्याच ओट्यावर असायची. बोलायला शिकली ती तिच्याच मांडीवर. आता गिरजाबाईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, माणूस ती आवाजावरून ओळखते. पावसाळ्यापासून समुद्रपूरला लेकीकडं होती, कालच परत आली आणि ओट्यावर उन्हात बसली होती.

गौरी ताट घेऊन कुडाजवळ गेली. "नमस्कार आजी. तुम्ही कधी आलात? हा घ्या पेढा, आम्ही दोघंही परीक्षेत उत्तीर्ण झालो."

गिरजाबाईनं चाचपत पेढा घेतला, पदर सावरला. पोर आत पळाली, तिची पावलं वाजायची थांबेपर्यंत गिरजाबाई ऐकत राहिली. मग माझ्याकडं तोंड करून म्हणाली,

"भाऊजी, पोरगी मोठी गुणाची हाय. पाव्हणे राह्यतीन, का आजच जातीन?"