समुद्रात टाकलेली किल्ली

किल्लीवाल्याला बाजारात सगळे ‘खुळखुळ्या’ म्हणत, कारण हात सदा खिशात आणि खिशात किल्ल्या. सात महिन्यांपूर्वी लेक भांडून घर सोडून गेली आणि त्याचा हात क्षणभरही थांबेनासा झाला. ती गेली त्याच दिवशी रागाच्या भरात त्यानं दाराचं कुलूप बदललं. "आता ये म्हणावं!" असं वर मोठ्यानं म्हणालाही.

शेवटी शेजारच्या मावशींनीच त्याला समुद्रातल्या दर्ग्याकडे पिटाळलं. "जाळीला कुलूप लाव, किल्ली समुद्रात टाक आणि पीरबाबांकडे पोरगी माग. नुसत्या येरझाऱ्या घालून फरशी झिजवू नकोस!"

तिथं तरी यानं शांत बसावं की नाही? जाळीला शेकडो कुलपं लटकलेली. आपलं कुलूप लावून झाल्यावर हात जोडायचे सोडून हा दुसऱ्यांची कुलपं ओढून बघू लागला.

मुजावर हसले. "अहो, इथली कुलपं तपासायची नसतात. काय मागायचं ते मागा."

"लेक घरी येऊ दे," तो कसाबसा म्हणाला. मग लाज वाटून तो तडक बाहेर पडला. भरती चढत होती, पाणी वाटेला लागलं होतं. त्यानं खिशातून किल्ली काढली, डोळे मिटून भिरकावली आणि धावतपळत किनारा गाठला.

घरी येऊन खिशात हात घातला आणि कपाळाला हात लावला. हाती आली ती नवसाची किल्ली! घराची गेली समुद्रात. दोन्ही त्यानंच घासलेल्या, दिसायला जुळ्या.

साऱ्या गावाची कुलपं उघडणारा आपल्याच दारात अडकला. चरफडत, तार काढून तो उकिडवा बसला आणि तसाच थांबला. किल्लीच्या भोकाभोवती ओरखडे होते. तारेचे नव्हेत, ते त्याला बघताक्षणी कळलं. न लागणारी किल्ली कुणी पुन्हापुन्हा खुपसली, की असे ओरखडे उठतात. जुन्या कुलपाच्या किल्ल्या दोनच होत्या. एक त्याच्याकडे, दुसरी लेकीकडे.

त्यानं तारेनं दार उघडलं, पेटीतून जुनं कुलूप काढलं आणि नव्याचे स्क्रू सोडवू लागला.

मावशी दारात आल्या. "अरे, नवस केलास ना? मग आता हे काय?"

"ती येऊन गेली, मावशी," तो मान वर न करता म्हणाला. "मी दुकानात होतो, आणि तिची किल्ली लागली नाही."