श्री. अनंता यांची कन्या

भाविकाच्या लग्नाच्या दोनशे दहा पत्रिका तिच्या आईने, माणिकने, हाताने केल्या, आणि दोनशे दहांवरही आपल्या नवऱ्याच्या, अनंताच्या, नावाआधी ‘कै.’ न लिहिता ‘श्री.’ लिहिलं. ट्रॉम्बेच्या कोळीवाड्यात ज्या घरी पत्रिका पोचली तिथे वाचणारा त्या अक्षरापाशी अडला आणि पत्रिका मिटून देवापुढे ठेवून मोकळा झाला. माणिकच्या तोंडाला लागायची हिंमत कोळीवाड्यात फार थोड्यांना होती, आणि ज्यांना होती त्यांची तोंडं या एका बाबतीत दोन वर्षांपूर्वीच बंद झाली होती.

दोन वर्षांपूर्वी, नारळी पुनवेनंतरच्या आठवड्यात, अनंताची बोट उलटली. बोटीवर पाच जण होते. चौघांना दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बोटीने उचललं, पाचवा मिळाला नाही. त्या चौघांत अनंताचा धाकटा भाऊ बाळा होता. घरी आल्यावर अंगावरचं ओलं न बदलताच तो वहिनीपुढे बसला आणि म्हणाला, “दादा माझ्यापासून दोन हातांवर होता. मग नव्हता.”

“बुडताना बघितलास?” माणिकने विचारलं.

“नाय.”

“मग गप रव्हा.”

आता याला कोणी हट्ट म्हणेल. चेंबूरच्या बाजारात माणिकच्या शेजारी मासे विकायला बसणाऱ्या बायका म्हणायच्याच. पण त्या बायका एक गोष्ट सोयीस्करपणे विसरल्या होत्या. भाविका सहा वर्षांची असताना अनंता असाच गेला होता. इंजिन बंद पडून बोट वाहत गेली, दहा दिवस पत्ता नाही. दहाव्या दिवशी याच बायका जमल्या. रडून घर डोक्यावर घेतलं, माणिकचे दोन्ही हात धरले आणि तिच्या हिरव्या बांगड्या उंबऱ्यावर फोडल्या. अकराव्या दिवशी अनंता गुजरातेतून एका ट्रकमध्ये बसून दाढी वाढवून घरी आला. दाराशी इतक्या चपला कशाला, असं विचारत त्याने पाणी मागितलं. बायका हसल्या, पेढे खाऊन गेल्या आणि विसरल्या. माणिक नाही विसरली. आपण आपल्या जित्या नवऱ्याला एक दिवस का होईना मारलं, ही गोष्ट तिच्या मनाला लागली ती लागलीच. अनंता थट्टा करायचा, “एकदा मेलो तुझ्यासाठी, आते पुन्ना नाय.” तिला त्याचं हसू यायचं नाही.

म्हणून या वेळी दिवस घातले नाहीत, फोटोला हार घातला नाही, बांगड्यांना कोणाला हात लावू दिला नाही. घरात रडायचीही बंदी होती. भाविका एकदा मोरीत नळ सोडून रडत होती, तर माणिकने दार बडवलं. “कोण मेलाय घरात? सांग, कोण मेलाय?” भाविकाने नळ बंद केला, तोंड धुतलं आणि बाहेर येऊन भाकऱ्या थापायला बसली. त्यानंतर ती घरात कधी रडली नाही. बाहेर कुठे रडत असेल तर ते माणिकने विचारलं नाही.

सुयोग हा भाविकाबरोबर चेंबूरच्या एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करणारा मुलगा. घर मुलुंडला, मूळ गाव सावंतवाडीकडे, आजोबा गिरणीत होते. त्याला सगळं ठाऊक होतं. भाविकाने पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. पण माणिकने त्याला समोर बसवून तिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. “तुझ्या घरी सांगायचं नाय. ते येतील तेव्हा येतील.” पोरगा भिडस्त. त्याने शब्द दिला, आणि पाळला हीच त्याची चूक झाली.

बघायच्या कार्यक्रमाला सुयोगची आई सुलक्षणा आली. निवृत्त शिक्षिका, मोकळ्या मनाची बाई. तिने साहजिकच विचारलं, “भाविकाचे बाबा दिसत नाहीत?”

“बोटीवर असतात,” माणिक म्हणाली.

“अगो बाई! पण लग्नाला येतले ना?”

“येतील.”

हे तिने इतकं शांतपणे सांगितलं की सगळं माहीत असलेल्या सुयोगनेही एकदा दाराकडे बघितलं.

सुलक्षणाच्या मनात काही वाकडं नव्हतं, आणि खरा घोळ तिथेच झाला. वाईट बाईला माणिकने दोन शब्दांत वाटेला लावलं असतं. दारावरचं शिंपल्यांचं तोरण बघून सुलक्षणा हरखून गेली. हे माणिकनेच केलं असं कळल्यावर तर तिने टाळ्याच वाजवल्या. “मग ठरलं! आपण बीच थीम करूया. गोराईच्या बाजूला एक रिसॉर्ट आहे, अगदी वाळूवर मांडव घालतात. पत्रिका, सजावट, सगळं तुम्ही हाताने करायचं. तुमचे मिस्टर दर्यावरचे, त्यांनाही किती बरं वाटेल!”

भाविकाने आईकडे बघितलं. माणिकला नाही म्हणता आलं असतं, पण मग का नाही ते सांगावं लागलं असतं. “चालेल,” ती म्हणाली.

चार महिने ती कामाला लागली. सकाळी बाजार, दुपारपासून हे. ट्रॉम्बेच्या किनाऱ्याला वाळू नाही, काळा चिखल आणि तिवरं. म्हणून शिंपले आणायला आक्सा, गोराई फिरावं लागलं. शहरातल्या बायका असले शिंपले धुऊन तसेच चिकटवतात आणि आठ दिवसांनी घर सोडायची पाळी येते. माणिक ते मोठ्या पातेल्यात उकळायची, आतला जीव सुईने काढायची, मग चुन्याच्या पाण्यात ठेवून गच्चीवर वाळवायची. जाड कागद चहाच्या पाण्यात बुडवून तिने जुनाट रंगाचा केला. प्रत्येक पत्रिकेला एक शंख, वर सुतळीची गाठ. जाळं विणताना मारतात तीच गाठ, ओढली की घट्ट होणारी. पाहुण्यांना ती सोडवता यायची नाही, कात्री घ्यावी लागायची. सुलक्षणाला त्याचंही कौतुक.

जवळच्या पन्नास पाहुण्यांसाठी पत्रिकेची गुंडाळी करून काचेच्या बाटलीत घालायची होती, तळाशी चिमूटभर वाळू. “समुद्रातून वाहत आलेल्या चिठ्ठीसारखं,” सुलक्षणाने फोनवर समजावलं. माणिकने पन्नास बाटल्या भरल्या, बुचं लावली. दर्यातून चिठ्ठी येत असती तर ती दोन वर्षं कशाला थांबली असती, हे तिने फोनवर सांगितलं नाही.

स्वागताच्या पाटीसाठी लाटांनी आणलेलं लाकूड हवं होतं. ते शोधताना भाविका आईबरोबर गेली. माणिक एकेक फळी उचलायची, उलटी करायची, बोटाने चिखल पुसायची, बघायची आणि टाकायची. धडधाकट फळ्याही टाकायची. चौथ्या-पाचव्या फळीला भाविकाच्या लक्षात आलं. आई पाटीसाठी लाकूड बघतच नव्हती. ती निळा रंग शोधत होती, त्यांच्या बोटीचा. आणि तिच्या हातांना त्या कामाची इतकी सवय होती की हे पहिल्यांदाच चाललेलं नाही, हे उघड होतं.

“आये, पुरे ना गं,” भाविका म्हणाली.

“कशाला गो पुरे? पाटी नको तुझ्या सासूला?”

हळदीच्या आदल्या दिवशी सुंदराबाई आली. सुंदराबाई म्हणजे कोळीवाड्याची धवलारीण. लग्नात देवांना आणि घरातल्या मेलेल्या माणसांना गाणी म्हणून, नावं घेऊन बोलावणारी म्हातारी. तिने हाक घातल्याशिवाय कोळीवाड्यात हळद लागत नाही. ती दार लोटून घेऊन माणिकसमोर बसली.

“उद्या पितरांना बोलावायचंय. तुझा सासरा, सासू, आजेसासरा. आनि?”

“आनि कोन नाय.”

“माणिक, नीट आयक. मेलेल्याला बोलावला नाय तर तो मांडवाबाहेर उपाशी उभा रव्हतो. पोरीचं लगीन, आनि बापूस बाहेर.”

“आनि जित्याला मेलेल्यांत बोलावला तर?”

“मग तो गेला,” सुंदराबाई म्हणाली. “तू बोलशील तसा. मी तुझ्या तोंडातून नाव आयकल्याबिगर घेनार नाय.”

माणिकने नाव घेतलं नाही. हळदीला सुंदराबाईने सासू-सासऱ्यांना बोलावलं, आजेसासऱ्याला बोलावलं, एका लहानपणी गेलेल्या नणंदेलाही बोलावलं. मग ती थांबली. मांडवातल्या सगळ्या बायका थांबल्या. भाविका हळदीच्या अंगाने पाटावर बसून आईकडे बघत होती. माणिक तेलाच्या वाटीकडे बघत राहिली, आणि सुंदराबाईने पुढचं गाणं धरलं.

लग्न संध्याकाळचं होतं. ऊन उतरलं होतं, वाळूवर पांढऱ्या खुर्च्या मांडल्या होत्या, बांबूंवर माणिकने विणलेली जाळी आणि शिंपल्यांच्या माळा टांगल्या होत्या. मुलुंडहून आलेले पाहुणे त्यांच्यापुढे उभे राहून फोटो काढत होते. कोळीवाड्याची माणसं मागच्या रांगांमध्ये, समुद्राकडे पाठ करून बसली होती.

वराकडची मंडळी आली. मांडवाच्या तोंडाशी माणिक ओवाळणीचं ताट घेऊन उभी होती, हिरव्या बांगड्या, नवी साडी. सुयोगच्या वडिलांच्या हातात हार होता. जवळच माइक घेऊन उभ्या असलेल्या मुलीच्या हातात माणिकचीच पत्रिका होती. तिने ती उघडली आणि खणखणीत आवाजात वाचलं, “आता व्याहीभेट! वधूपिता श्री. अनंता यांनी कृपया पुढे यावं!”

कोणी पुढे आलं नाही. मुलीला वाटलं ऐकू गेलं नसेल. तिने पुन्हा नाव घेतलं. तिसऱ्यांदा घेतलं तेव्हा कर्ण्यातून ते नाव पार पाण्यापर्यंत गेलं.

“आले नाहीत का अजून?” सुलक्षणाने हसत विचारलं. मग तिचा चेहरा एकदम उजळला. “बोटीनेच येणार की काय? अगो, मगाच बोलायचं नाही का! थांबूया. मुहूर्ताला आहेत दहा मिनिटं.”

एवढं बोलून ती स्वतः समुद्राकडे वळली. ते बघून वराकडचे पाहुणे वळले. बोटीतून एन्ट्री आहे, बोटीतून एन्ट्री आहे, असं रांगारांगांतून पसरलं. माणसं खुर्च्यांवरून उठली. कोणी लेकराला खांद्यावर घेतलं. शंभर-दीडशे लोकांनी मोबाइल वर धरले आणि ते रिकाम्या पाण्याकडे बघत हसत उभे राहिले.

मागच्या रांगांमधून कोणी उठलं नाही. बाळाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. सुंदराबाईने पदर डोळ्यांवर ओढला.

माणिकनेही समुद्राकडे बघितलं. दोन वर्षं ती रोज बघत होती, पण एकटीने. इतक्या माणसांना एकाच वेळी त्या पाण्याकडे वाट बघताना तिने कधी पाहिलं नव्हतं. आपण रोज काय करतो ते तिला पहिल्यांदा बाहेरून दिसलं. आणि त्या हसऱ्या, अनोळखी माणसांची तिला भयंकर चीड आली. त्यांनी तिच्या नवऱ्याची अशी वाट बघू नये, एवढंच तिला त्या क्षणी हवं होतं, आणि ते थांबवायचा एकच मार्ग होता.

“विहीणबाय,” ती म्हणाली. “ते नाय येनार.”

“म्हणजे? उशीर—”

“ते गेले. दोन वरसं झाली. दर्यातच गेले.”

सुलक्षणाचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, उतरायला वेळ लागला. तिने सुयोगकडे बघितलं, सुयोगने मान खाली घातली. सुयोगचे वडील हार हातात धरून नुसते उभे राहिले. बाळा मागून चालत पुढे आला आणि त्यांच्या हारापुढे त्याने मान वाकवली. माइकवाल्या मुलीने घाईघाईने सनई लावायला सांगितलं.

माणिकने ओवाळणीचं ताट शेजारी उभ्या असलेल्या जावेकडे दिलं.

“असं काय करता?” सुलक्षणा म्हणाली. “आमी असला काय मानत नाय. तुम्हीच ओवाळा.”

“मना मानाया लागतंय,” माणिक म्हणाली. “आज बोलले ना मी.”

ओवाळून झालं. शिंपल्यांच्या माळांखालून भाविकाला आणलं. तिने सगळं ऐकलं होतं. बोहल्याकडे जायचं सोडून ती आईपाशी येऊन थांबली. मुंडावळ्यांच्या आडून तिने आईचा चेहरा नीट बघून घेतला, आणि लहानपणी काही हवं असलं की विचारायची तशा अगदी हळू आवाजात म्हणाली, “आये, आते रडू?”

माणिकने मान हलवली.

भाविका वाळूवर खाली बसली आणि मोठ्याने रडू लागली. समुद्राकडे फोन धरून उभे असलेले लोक तो आवाज ऐकून मागे वळले. त्यांना मधलं काही कळलं नव्हतं. पुढच्या रांगेतली एक हौशी बाई हसून शेजारणीला म्हणाली, “अजून लग्न लागलं नाही, आणि हिची पाठवणी सुरू झाली बघ.”