भाजलेली चवळी

चवळी भाजून ठेव, असं मी फोनवर ठणकावून सांगितलं. साठीच्या उमेदीत होते, शहाणपण फुकट वाटत फिरायचे. न्यूझीलंडच्या अप्पर हटमधली माझी शेजारीण तेव्हा चर्चतर्फे आफ्रिकेत, मलावीत होती. तिथल्या बायकांना ती लिहायला-वाचायला शिकवायची, पेरायला बी द्यायची. "चवळीला भुंगा लागतोय गं," ती म्हणाली होती. आमच्या डब्यातली चवळी खायचीच असते, म्हणून तिची पेरायची आहे का, हे मी विचारलंच नाही. तिनेही माझं ऐकलं, भाजली आणि बायकांना पेरायला वाटली.

परतल्यावर तिने माझ्या चहाला हात लावला नाही. म्हणाली, "उगवलं नाही तेव्हा बायकांनी मातीतून दाणा न् दाणा उकरला आणि शिजवला. पोरांना तेवढंच मिळालं."