खुडूक कोंबडीखालचा कार्बोरेटर

कॉस्टिक सोड्यात जस्त आणि अॅल्युमिनियम विरघळतं, हे मला माहीत नव्हतं असं मुळीच नाही. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, रंगांच्या एका कारखान्यात माझी सगळी नोकरी गेली. कॉस्टिकची पिंपं आमच्या पिण्याच्या पाण्यापेक्षा जवळ असायची. नवीन पोरं आली की मीच त्यांना दटावून सांगायचो, "लोखंडाची भांडी खुशाल धुवा, पण जेवणाचा डबा यात पडला तर झाकणसुद्धा सापडायचं नाही." आणि निवृत्त होऊन बोईसरच्या घरात एकटा राहायला लागल्यावर एके सकाळी मागच्या ओट्यावर मी बादलीत दाट कॉस्टिक कालवलं आणि त्यात आमच्या जुन्या गाडीचा कार्बोरेटर सोडला. हाताला इतक्या वर्षांची सवय होती, चिकट दिसलं की कॉस्टिक. डोकं त्या दिवशी रजेवर होतं.

कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा बेताने कालवून इंजिनाला भरवणारं, जस्त-अॅल्युमिनियमचं मूठभर यंत्र. आमचा उपाशी होता. बायको गेल्यापासून गाडी अंगणात उभीच होती, आतलं पेट्रोल वाळून त्याचा डिंक झाला होता. तो काढायचा, एवढाच बेत. बादलीतून बुडबुडे यायला लागले तसा मी खूश झालो. म्हटलं, बघा, मळ कसा सुटतोय! बुडबुडे वाढले तसा आनंद वाढला. तो तसाच मुरत ठेवून मी आतले वायसर आणायला पालघरला गेलो. दुकानदाराने गाडीचं नाव ऐकून चष्मा वर केला. "काका, ही अजून आहे?"

"आहे म्हणजे? धावते!" मी म्हटलं.

परत आलो तेव्हा बादलीत काळा रबडा होता. त्यात काठी घालून ढवळल्यावर पितळी जेट खणखण करत वर आले. पेट्रोल ज्यातून शिंपडलं जातं ती बारीक भोकं पाडलेली नळकांडी, ती तेवढी शाबूत. बाकीचं अंग बिस्किटासारखं झालं होतं, हातात घेतल्यावर कड तुटून पडली. मळ खरोखरच निघाला होता. ज्याला तो लागला होता तेसुद्धा त्याच्याबरोबर निघालं होतं.

हे एरवी हसून सोडून दिलं असतं. पण मुलीला फोनवर शब्द देऊन बसलो होतो. ती नाशिकला असते. गाडीखाली घुशी झाल्यात, पाणी साठतं, डास होतात, असं शेजारच्यांनी तिला कळवलं होतं. मला कळवायचं सोडून तिला. ती म्हणाली, "बाबा, दसऱ्यापर्यंत चालू झाली तर ठेव. नाही तर जाऊ दे तिला आता. मी येऊन भंगारवाल्याशी बोलते, तुला बोलायला नको."

"दसऱ्याला तुला इंजिनाचा आवाज ऐकवतो," मी छाती काढून सांगितलं. फोनवर छाती दिसत नाही हे बरं.

गाडी काही फार देखणी नाही. गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी, पुढचं आसन अखंड, बाकासारखं. बायकोच्या बाजूला, डोक्यावर उन्हाला आडवी पाडायची जी फळी असते, तिच्या कापडाला तिने सेफ्टी पिना टोचून ठेवल्यात. लहान, मोठ्या, ओळीने. लग्नाला जाताना कुणाचा पदर सुटो, पिशवीचा बंद तुटो, हिचा हात वर जायचा. भंगारवाल्याने गाडी नेली असती तर पिना काढून ठेवता आल्या असत्या, हे मला कळतं. पण काढून ठेवायच्या कुठे? डबीत? डबीत ठेवल्या की त्या नुसत्या पिना.

मी बादलीकडे बघत बसलेला असताना मागच्या दारी मासेवाली आली. ती किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यातून येते, वर्षानुवर्षं. ती मला भाऊ म्हणते, मी तिला मावशी म्हणतो. यातून नातं काय निघतं ते कोणी विचारलेलं नाही. तिने पाटी उतरवून बादलीत डोकावलं.

"काय शिजवताय, भाऊ?"

"हात नको लावू मावशी! सोडा आहे, भाजेल."

"माझा कशाला भाजंल? तुमचं भाजलंय ना काय तरी. तोंड बघा कसं झालंय."

मी सगळं सांगितलं. ती इतकी हसली की पाटीवरचं फडकं घसरलं. "एवढी वर्सं कारखान्यात काय केलंत? ताई असती तर बादली तुमच्या डोक्यावर उपडी केली असती." मग बोंबील निवडून ताटात टाकताना म्हणाली, "अशीच गाडी हाय आमच्याकडं. दिराची. मागल्या दारी उभी हाय, कोंबड्या बसतात तिच्यात. तुमचं ते काय ते, असंल बघा तिच्यात."

दुसऱ्या दिवशी मी रिक्षा करून तिच्या वाडीवर गेलो. दाराशी काठ्यांवर बोंबील वाळत होते, आणि घरामागे नारळाखाली खरोखरच माझ्या गाडीची बहीण उभी होती. चाकं नाहीत, काचा नाहीत, मागच्या आसनावर कोंबड्यांचं बिऱ्हाड. बॉनेट उघडं टाकून वर झावळ्या घातलेल्या. मी पाना घेऊन वाकलो आणि तिथेच थांबलो. इंजिनावर गवताचं घरटं होतं, आणि कार्बोरेटरला पोटाखाली घेऊन एक खुडूक कोंबडी माझ्याकडे एका डोळ्याने बघत होती.

मासेवालीचा दीर जाळं विणत बसला होता. तो उठलासुद्धा नाही. "तिला उठवायची नाय हां."

"अहो, दोन मिनिटांचं काम आहे. इकडे ठेवतो तिला अलगद..."

"अंडी थंड पडतात. एकदा उठली ना, परत बसंल का नाय सांगता येत नाय. पिल्लं निघू द्या, मग सगळी गाडी न्या."

"पण दसरा आलाय!"

"तिला कुठं ठावं हाय दसरा?"

 कारखान्यात मी मोठमोठ्या साहेबांना प्लांट बंद करायला लावला होता. इथे एका कोंबडीसमोर पाना खिशात घालून परत आलो. पुढचे दिवस मी रोज मागच्या दारी मासेवालीची वाट बघायचो. ती आली की पहिला प्रश्न, "उठली?"

"बसलीय. तुमी काय बायको बाळंतीण असल्यासारखं विचारताय!"

मासे घेताना मी घासाघीस करत नाही, याचा तिला राग आहे. बायको तिच्याशी अर्धा तास भांडायची आणि मग दोघी चहा घ्यायच्या. आता ती भाव सांगते, मी मान डोलावतो, ती चिडते. "असं नाय चालत भाऊ. ताई म्हणाली असती, पापलेट हाय का पापलेटाचं पोर?" मग स्वतःच ताईच्या वतीने भाव पाडते, स्वतःच कपाळाला आठ्या घालते, आणि शेवटी एक बोंबील जास्तीचा टाकते. मी नुसता ताट धरून उभा.

पिल्लं निघाल्याचा निरोप नवरात्राच्या तोंडावर आला, तसा मी पाना घेऊन परत वाडीवर गेलो. खाऱ्या वाऱ्याने बोल्ट असे धरले होते की ते सोडवताना माझीच कातडी सुटली. कार्बोरेटर निघाला तो पिसं, शीट आणि मिठाची पांढरी पूड घेऊनच. दिराने त्याबद्दल काही घ्यायला नकार दिला. म्हणाला, "चालू झाली तर दाखवा. नाय झाली तर आनू नका."

नवरात्रात आमच्या आळीत कोणी मासे खात नाही, म्हणून मासेवाली येत नाही. तेवढे दिवस मागचं दार वाजलं नाही. आपल्याशी रोज बोलणारं माणूस एकच आहे, हे मला कळायला मासे बंद व्हावे लागले.

जेवणाच्या टेबलावर मी दुकान मांडलं. या वेळी कॉस्टिक नाही, रॉकेल आणि दात घासायचा ब्रश. सुटे भाग हरवू नयेत म्हणून घरातल्या ताटं-वाट्या काढल्या. एका वाटीत स्क्रू, एकीत स्प्रिंगा, ताटात मधला सांगाडा. त्यामुळे मी कढईतच जेवत होतो. बादलीतून वाचलेले माझे जेट तिच्या दिराच्या सांगाड्यात बसवले. आतला पितळी तरंगता डबा कोमट पाण्यात दाबून धरला तर त्यातून बुडबुडे आले. बुडबुडे दिसल्यावर आनंद मानायची खोड आता गेली होती. भोक शोधलं, डाग दिला. जेट तोंडाने फुंकून साफ करताना रॉकेलचा घोट गेला आणि दिवसभर ढेकर देत बसलो. एक स्प्रिंग टुणकन उडून फ्रिजखाली गेली. मी आडवा झालो, सांदीत हात घातला आणि सवयीने ओरडलो, "अगं, जरा बॅटरी आण!"

फ्रिज गुरगुरत होता. मग मीच उठलो, बॅटरी आणली, परत आडवा झालो.

सगळं जोडून झालं आणि पेट्रोल वरून भळाभळा सांडलं. तो डबा मी उलटा बसवला होता. परत उघडलं. ताटं परत मांडली.

दसऱ्याच्या सकाळी आळीत सगळे आपापल्या गाड्या धूत होते. समोरच्या भाड्याच्या खोल्यांतली कारखान्याची पोरं मोटरसायकलींना झेंडूच्या माळा घालत होती. मी नवी बॅटरी जोडली, बॉनेट वर केलं आणि लक्षात आलं की हे काम एकट्याचं नाही. या गाडीचा नखरा असा, की बराच काळ उभी राहिली तर एकाने कार्बोरेटरच्या तोंडावर तळहात धरायचा आणि त्याच क्षणी दुसऱ्याने आत बसून किल्ली फिरवत पायाने अॅक्सिलरेटर दाबायचा. आत बायको बसायची. मी इकडून ओरडायचो, "आता!" इंजिन खोकलं, थांबलं, की तिकडून यायचं, "झालं का?" मी चिडायचो. झालं असतं तर ऐकू आलं नसतं का, म्हणायचो. सुरू झालं की ती बसल्या बसल्या बाकावरून आपल्या बाजूला सरकायची.

मी युक्त्या केल्या. पायाच्या जागी वीट ठेवली. किल्ली फिरवून पळत पुढे आलो, तोवर इंजिन थंड. कार्बोरेटरच्या तोंडावर फडकं कोंबून आत गेलो, तर फडकंच आत ओढलं जायला लागलं. मोटरसायकलवाला पोरगा आला. "अंकल, धक्का मारूं क्या?"

"नहीं नहीं, हो गया," मी म्हटलं. काय हो गया होतं देव जाणे. तो माळेकडे परत गेला. खिशात फोन वाजत होता. मुलगी. मी उचलला नाही.

तेवढ्यात फाटक वाजलं. मासेवाली. पाटी नाही, नवं लुगडं, आंबाड्यात अबोली. बोईसरच्या बाजाराला आली होती. "आमच्या कोंबडीनं जागा दिली तिचं काय झालं ते बघाया आली," म्हणाली. माझ्या तोंडाला ग्रीस होतं आणि गाडीत पायाच्या जागी वीट होती. तिने वीट काढून बाहेर ठेवली आणि स्टिअरिंगमागे जाऊन बसली. "काय करू सांगा."

"मी आता म्हटलं की ही किल्ली फिरव आणि तो उजवा पाय हळू दाब."

"हळू म्हंजे किती?"

"मासा ताजा आहे का बघताना दाबतेस तेवढा."

मी तळहात ठेवला. "आता!"

कार्बोरेटर शिंकला. माझ्या बोटांमधून एक पांढरं पीस उडालं आणि अंगणात तरंगत गेलं. परत "आता!" आणि इंजिनाने घसा खाकरला, थरथरलं, धरलं. आत मासेवाली किंचाळली, "पाय काढू का नको?" मी स्क्रू अर्धा फेरा फिरवला आणि आवाज एकसारखा झाला. समोरच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. मी मुलीला फोन लावून तो इंजिनापाशी धरला. बराच वेळ धरला. कानाला लावला तेव्हा ती म्हणत होती, "बाबा, तोच आवाज आहे रे." मी तिला कोंबडीचं सांगितलं नाही. "मग राहू दे ती," ती म्हणाली.

दिराला दाखवायचं ठरलंच होतं. मासेवाली पुढे बसली, वरच्या पिना बघितल्या, हात लावला नाही, वाऱ्याने उडणारा पदर वाडी येईपर्यंत मुठीत धरून बसली. दिराने जाळं बाजूला ठेवलं, बॉनेटला झेंडूचं फूल खोचलं आणि पिल्लं गाडीखाली जायला लागली म्हणून लगेच जायला सांगितलं.

परतताना, तारापूर मागे पडल्यावर, गाडी बंद पडली. तापली होती. थंड होईपर्यंत थांबायचं, दुसरं काही नाही. मी बॉनेट उघडलं. दोन्ही बाजूंना खाऱ्या पाण्याचं खाजण, माणूस नाही. ऊन आत येत होतं म्हणून मी डावीकडे, बायकोच्या बाजूला जाऊन बसलो. इतक्या वर्षांत तिथे कधीच बसलो नव्हतो.

तिथून काहीच दिसत नाही. उघडं बॉनेट सगळी काच झाकून टाकतं. खाली बोटभर फट राहते, तिच्यातून इंजिनावर वाकलेल्या माणसाचे हात तेवढे दिसले तर दिसतील. गाडी अशी बंद पडली की रस्त्याच्या कडेला, उन्हात, ती एवढीशी फट बघत बसायची. मी आहे की गेलो, हे कळायला तिला विचारावंच लागायचं.

मी फटीतून पाहिलं. पलीकडे खाजणाचं पाणी चमकत होतं.

"झालं का?" मी विचारलं.

मग खाली उतरलो, बॉनेट लावलं, आणि उजवीकडे जाऊन किल्ली फिरवली. गाडी पहिल्या फेऱ्यात चालू झाली.