लाल गाडी वळलीच नाही

घणसोली गावात मी ज्या मावशींच्या खोलीत भाड्यानं राहते, त्यांचा भाऊ द्रोणागिरीच्या मोकळ्या मैदानावर मोटारींच्या शर्यती भरवतो. एका रविवारी त्याला माणसं कमी पडली, म्हणून मावशी मलाही घेऊन गेल्या.

आमचं काम मार्शलचं. वळणावर झेंडा घेऊन उभं राहायचं आणि गाडी उलटली तर धावायचं. "आधी गाडीचा स्विच बंद करा आणि डॉक्टर येईपर्यंत ड्रायव्हरचा पट्टा सोडू नका," एवढं सकाळी शिकवलं. मावशींनी नऊवारीवर नारिंगी जॅकेट चढवलं, आग विझवायचा सिलिंडर लेकरासारखा कडेवर घेतला आणि टायरांच्या भिंतीमागे खुर्ची टाकून बसल्या. प्रत्येक गाडीला त्या ओरडत होत्या, "हलू रं मेल्या, सावकास!"

दुपारी एक लाल गाडी वळणावर आली आणि वळलीच नाही. सरळ टायरांवर चढून हवेत उडाली. मी मावशींना ओढलं, दोघी चिखलात आडव्या. गाडी कोलांट्या खात छपरावर आदळली. एक चाक निखळलं, मावशींच्या रिकाम्या खुर्चीचा चुरा करून खाडीकडे निघून गेलं.

मागून आणखी गाड्या येत होत्या. मी उठले आणि जिवाच्या आकांतानं झेंडा हलवू लागले. तो झेंडा नव्हता, माझी ओढणी होती. नशीब, पिवळी होती; धोक्याचा झेंडाही पिवळाच असतो. गाड्या थांबल्या.

पेट्रोलचा वास सुटला होता. आत एक तरुण पट्ट्याला उलटा लटकत होता, डोळे मिटलेले. "जित्ता हाय का रं?" मावशींनी विचारलं. कसाबसा हात घालून मी स्विच बंद केला. तेवढ्यात त्याच्या खिशातून पडलेला फोन वाजला. स्क्रीनवर 'आई'.

त्यानं खाडकन डोळे उघडले. "उचलू नका! तिला वाटतंय मी पनवेलला मुलगी बघायला गेलोय!"

मावशींनी तोवर उचलला होता. "पोऱ्या बरा हाय," त्या म्हणाल्या.

"आणि मुलगी कशी आहे?" पलीकडून प्रश्न.

मावशींनी मला नखशिखांत न्याहाळलं. "चिखलानं भरलीय, पन गुनाची हाय."

तो "पट्टा सोडा, पट्टा सोडा" म्हणत होता. मी सोडला नाही. डॉक्टर येईपर्यंत दोन्ही हातांनी त्याचं डोकं धरून बसले. एका खांद्याजवळचं गळपट्टीचं हाड मोडलं होतं, बाकी धडधाकट. त्याला अॅम्ब्युलन्समध्ये घातल्यावर मात्र मला जे रडू फुटलं, ते मावशींच्या जॅकेटलाच पुसलं.

संध्याकाळी आम्ही त्याला बघायला दवाखान्यात गेलो. त्याची आई आधी रडली, मग पर्सनं त्याच्या चांगल्या खांद्यावर दोन फटके दिले. मावशींनी लगेच माझ्याकडे बोट दाखवलं, "हीच ती गुनाची." त्याच्या आईनं डोळे पुसले, मला जवळ बसवलं आणि विचारलं, "जन्मवेळ माहितीये का गं?"

"काकू," मी म्हटलं, "मी फक्त वळणावर उभी होते."