कापसाच्या खोलीत चिरूट

आमच्या घरी देवापुढे उदबत्ती लावतात, पण पेटवत नाहीत.

दिवाळीपासून हे असंच चालू आहे. यंदा भाव चढेल या आशेनं मी शेतातला सगळा कापूस अकोटच्या घरात, पुढच्या खोलीत भरून ठेवला. सोफा अंगणात, टीव्ही स्वयंपाकघरात आणि कापूस जमिनीपासून पंख्याच्या पात्यांपर्यंत. (पंख्याच्या बटणावर मी चिकटपट्टी लावली आहे.) घरात कापूस असला की अंगाला खाज सुटते, भाजीत तंतू निघतात आणि पाहुणे शिंकत शिंकत बोलतात. त्याची सवय होते. आगीच्या भीतीची मात्र होत नाही, निदान मला तरी झाली नाही.

त्याला कारण आहे. मी कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होतो. मुठीत कापूस घ्यायचा, दोन्ही अंगठ्यांनी ओढून धाग्याची लांबी पाहायची आणि प्रत सांगायची, यात माझी सगळी नोकरी झाली. त्या नोकरीत मी कापसाच्या गंज्या जळताना पाहिल्या आहेत. कापूस गवतासारखा भडकून मोकळा होत नाही. ठिणगी आत शिरते आणि आतल्या आत धुमसत बसते. वरून हात लावावा तर थंड, धूर नाही, वास नाही. तुम्ही पोटभर जेवून झोपता आणि दुसऱ्या दिवशी भिंत काळी पडायला लागते. म्हणून कापूस घरात आला त्याच दिवशी मी फर्मान काढलं की या घरात काडी ओढायची नाही. स्वयंपाकघर अंगणापलीकडे, तिथला गॅस तेवढा माफ.

हे फर्मान माझ्या बायकोनं, कुसुमनं, माझ्यापेक्षा जास्त मनावर घेतलं. काडेपेटी तुरीच्या डाळीच्या डब्यात तळाशी गेली. देवापुढे विजेचा दिवा आला. उदबत्ती ती खोचते आणि तशीच हात जोडते.

"अवं, न पेटवता वास कसा येईन त्याले?" मी विचारलं.

"देवाले समजते सारं," ती म्हणाली. "नियम तुमीच केला ना?"

तर नियम मीच केला होता. हे लक्षात ठेवा.

आता माझ्या खोडीबद्दल. मी निवृत्त झालो, माझे अंगठे झाले नाहीत. समोर काहीही आलं की मी त्याची प्रत सांगतो. आमच्या मयुरीच्या सोयरिकीसाठी अमरावतीला गेलो, तेव्हा त्यांच्या पोह्यांना मी 'दुय्यम प्रत, ओलावा जास्त' असं म्हणून बसलो होतो. कुसुमनं टेबलाखालून माझा पाय तुडवला. पण व्याही, नानासाहेब, खूश झाले. ते कायद्याचे निवृत्त प्राध्यापक. बोलणं इतकं शुद्ध की त्यांच्याशी बोलताना मला शर्टाचं वरचं बटण लावावंसं वाटतं. "भाऊसाहेब, तुमची नजर पक्की आहे," असं ते त्या दिवशी म्हणाले आणि सोयरीक जमली. तेव्हापासून ती पक्की नजर सांभाळणं हे माझ्या अंगावर पडलेलं काम आहे.

संक्रांतीला जावयाला सुट्टी नव्हती, म्हणून मयुरीला घेऊन नानासाहेब स्वतः आले. बडनेऱ्याहून गाडीनं अकोल्याला, तिथून एसटीनं अकोटला, सोबत शेंदूरजन्याच्या संत्र्यांची पिशवी. दुपारी मायलेकी हळदीकुंकवाला बाहेर पडल्या. त्या फाटकाबाहेर गेल्याबरोबर नानासाहेबांनी खिशातून एक लाकडी डबी काढली.

डबीत चिरूट होता. लांबीला माझ्या करंगळीएवढा आणि जाडीला पैलवानाच्या अंगठ्याएवढा. इतकी आखूड आणि इतकी जाड वस्तू कुणी ओढायला बनवली असेल असं वाटेना.

"माझ्या एका विद्यार्थ्यानं परदेशातून पाठवला," नानासाहेब म्हणाले. "डॉक्टरांनी मला धुराजवळ उभं राहायलाही मनाई केली आहे. आणि तो रोज विचारतो, सर, कसा होता? आता मी काय उत्तर देऊ? मग म्हटलं, आपल्याकडे घरचा ग्रेडर आहे."

मी उभ्या जन्मात विडीला हात लावलेला नाही. पण 'घरचा ग्रेडर' म्हटल्यावर माझे अंगठे आपोआप पुढे झाले. मी चिरूट दाबला, कानाशी नेला, फिरवला. त्याचं तोंडाकडचं टोक गोल टोपीसारखं बंद होतं, गुळगुळीत. "काम सफाईदार हाय," मी म्हणालो.

"पण प्रत ओढल्याशिवाय कशी कळणार?"

या घरात काडी! पण नानासाहेब वाट पाहत होते. मी तुरीच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून काडेपेटी काढली आणि आम्ही दोघं चोरासारखे गच्चीवर गेलो.

गच्चीवर वारा होता. पहिली काडी विझली, दुसरी विझली. तिसरी चिरुटाच्या टोकाला टेकवली तेव्हा टोक काळं झालं, थोडा वास आला आणि माझं बोट भाजलं. मी गाल आत ओढून जोर लावला. तोंडात काहीच आलं नाही. आणखी जोर लावला, तेव्हा कानात दडा बसला. पण नानासाहेब मोबाइल समोर धरून उभे होते. विद्यार्थ्याला माझ्या आवाजातच निकाल पाठवायचा होता.

"कसा आहे?"

मी डोळे मिटले. "पान उत्तम. कचरा नाई. ओलावा बरोबर. चव पहिले जुन्या लाकडाची येते, मंग थोडी गुळावर जाते, आणि शेवटी," इथं मी जीभ टाळ्याला लावली, "शेवटी संत्र्याच्या सालीची." (अर्ध्या तासापूर्वी मी संत्री खाल्ली होती.)

"आणि धूर? मला तर दिसत नाही."

"दिसनारच नाई. हलक्या मालाले धूर दिसते. हा लय तलम हाय. अव्वल प्रत."

"वा!" म्हणत नानासाहेबांनी ते पाठवूनही दिलं. आणि खाली फाटक वाजलं.

कुसुम आली हे ओळखायला मला तिच्या आवाजाची गरज पडत नाही, फाटकाची कडी पुरते. मी जिन्यानं खाली धावलो, हातात चिरूट. जिन्याच्या मध्यावर कापसाच्या खोलीची वरची खिडकी आहे, कापसाला हवा लागावी म्हणून कायम उघडी. कुसुम अंगणातून वर पाहणार, तेवढ्यात मी चिरूट त्या खिडकीच्या चौकटीवर ठेवला आणि हात झटकून उभा राहिलो.

चिरूट गोल असतो. प्रत सांगताना एवढी एक गोष्ट माझ्या नजरेतून सुटली होती. तो हळूच घरंगळला आणि आतल्या बाजूला कापसात पडला.

आवाजसुद्धा झाला नाही.

"काय करून राहिले थंडीचे जिन्यात?" कुसुम खालून म्हणाली.

"हवा घेऊन राहिलो," मी म्हणालो. ती लाडवांचा पाक करायला स्वयंपाकघरात गेली, कारण दुसऱ्या दिवशी हळदीकुंकू आमच्याकडे होतं.

मी नानासाहेबांना कोपऱ्यात घेऊन झालेला प्रकार सांगितला. त्यांचा चेहरा पांढरा पडला. "पण धूर तर येत नाही," ते म्हणाले.

"तेच तर वाईट हाय! धूर नाई म्हंजे आत गेला तो. आता आतल्या आत धुमसन. मयुरीची आई, मयुरी, तुमी, मी, सारे याच घरात निजनार हावोत आज."

आणि त्या क्षणी नानासाहेबांची शुद्ध मराठी सुटली. "काहून हो, मले काहून नाई सांगतलं पहिले, हा कापूस असा रायते म्हून? मी कायले काढला असता तो चिरूट?" अमरावतीचा माणूस किती वऱ्हाडी आहे हे त्याला घाबरवल्याशिवाय कळत नाही.

आम्ही दार उघडलं तर कापूस आमच्या अंगावर आला. मी छातीपर्यंत आत शिरलो. चिरूट खिडकीखाली पडला, म्हणजे पलीकडच्या भिंतीशी, आणि मध्ये सगळं वर्ष भरलेलं. मी हात घालून ऊन कुठे लागतं ते पाहू लागलो. सगळीकडेच ऊन लागत होतं, कारण भीतीनं माझेच तळवे तापले होते. मागून नानासाहेब कवेत कापूस घेऊन अंगणात टाकत होते.

"माय वो!" कुसुम दारात उभी होती, हातात उलथनं. "इवाईले, पोरीच्या सासऱ्याले, कापूस वाहाले लावता? लाज हाय का नाई?"

"कापसाले हवा देऊन राहिलो."

"सकाळी कामाची बाई येनार हाय ना हवा द्याले?"

"हवेले काय सकाळ अन् संध्याकाळ," मी म्हणालो. नानासाहेबांनी मान डोलावली. त्यांच्या भुवयांवर कापूस बसला होता. कुसुमनं आम्हा दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि ती आमच्यासमोर तशीच उभी राहिली. तिला काहीतरी संशय आला होता आणि त्यापायी ती गॅसवरचा पाक विसरली.

थोड्याच वेळात वास आला. जळका, गोडसर, नाकात घुसणारा. माझ्या निकालातही गुळाची चव होतीच.

"पेटला!" मी ओरडलो. "कुसुम, कापूस पेटला! चिरूट हाय आत!"

पुढचं सगळं भराभर झालं. शेजारचा दिगंबर पाण्याची बादली घेऊन भिंतीवरून उडी मारून आला. त्याच्यामागे हळदीकुंकवाच्या साड्या नेसलेल्या गल्लीतल्या बायका. दिगंबरनं बादली उचलली आणि कुसुम दारात आडवी झाली. "पानी टाकलं तर पाय मोडून ठेवीन! भिजला तर कोन घेते हा कापूस?" मग मला म्हणाली, "तुमच्याशी मंग बोलतो मी."

तिचा आवाज तेव्हा थरथरत होता. वर्षभर उन्हातान्हात त्या शेतात तीही माझ्याइतकीच राबली होती. मला त्या थरथरीची आगीपेक्षा जास्त भीती वाटली, खरं सांगतो.

मग सगळ्यांनी मिळून खोली उपसली. चादरीत, टोपलीत, पदरात भरून कापूस बाहेर आला. अंगण भरलं, सोफा दिसेनासा झाला, फाटकाबाहेर रस्त्यावर ढीग गेला. मी प्रत्येक ढिगात हात घालत 'ऊन लागते का, ऊन लागते का' करत फिरत होतो. मध्येच मयुरी स्वयंपाकघरात जाऊन गॅस बंद करून आली आणि पाकाचं पातेलं कोळसा झालं म्हणाली, पण तिचं ऐकतो कोण?

शेवटी तीच खिडकीखाली वाकली. "बाबा, हे का?"

सगळे दोन पावलं मागे सरले. नानासाहेब ओरडले, "सूनबाई, फेक ते! हात भाजन!"

"थंड आहे, मामंजी."

चिरूट कुसुमच्या हातात गेला. एक टोक किंचित काळं, काडीनं केलेलं. बाकी सगळा जसा डबीतून निघाला तसा. खोलीच्या फरशीवर राखेचा कणही नव्हता. तेवढ्यात नानासाहेबांच्या खिशात मोबाइल वाजला. विद्यार्थ्याचं उत्तर आलं होतं. नानासाहेबांना कमी ऐकू येतं, त्यामुळे त्यांच्या मोबाइलचा आवाज कायम मोठा असतो. त्यांनी बटण दाबलं आणि सगळ्या गल्लीनं ऐकलं.

"सर, तुमच्या व्याह्यांचा निकाल ऐकला, फारच छान बोलतात ते. फक्त एक विचारायचं होतं. तोंडाकडची टोपी कापल्याशिवाय हा चिरूट ओढता येत नाही, नीट पेटतही नाही. त्यांनी ती कशानं कापली?"

कुसुमनं चिरुटाची टोपी पाहिली. गोल, गुळगुळीत, शाबूत. मग तिनं दिगंबरची बादली पाहिली, नानासाहेबांच्या भुवया पाहिल्या, रस्त्यावरचा कापूस पाहिला.

"म्हंजे पेटलाच नव्हता हा?"

दिगंबरनं बादली हळूच खाली ठेवली.

"अन् जुनं लाकूड, गूळ, संत्र्याची साल, हे सारं सांगतलं तुमी?" नानासाहेबांनी तिला निकाल आधीच ऐकवला होता, सगळे खोली उपसत असताना, माझी बाजू सावरायला म्हणून.

मी कापसाचा एक पुंजका उचलून धागा पाहू लागलो.

कुसुम पदरानं तोंड झाकून हसायला लागली, आणि मग डोळे पुसत म्हणाली, "दिवाळीपासून न पेटवता उदबत्ती लावून राहिली मी देवापुढं. पन त्यानं एक दिवस तरी सांगतलं का, वास लय झकास हाय म्हून?"

मी धागा ओढून पाहिला आणि म्हणालो, "अव्वल प्रत." आमच्या घरात तोंड मिटून बसणं जमणारा पुरुष एकच आहे, आणि तो देव्हाऱ्यात असतो.